ब्रिज जुना आहे म्हणून आयपीव्ही६ चालत नाही?

वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला असा: ‘मध्ये नेटवर्क ब्रिज असेल तर आयपीव्ही६ चालत नाही, ते बंदच करून टाका.’ (ब्रिज म्हणजे नेटवर्कचे दोन भाग जोडणारं उपकरण; आयपीव्ही४ ही इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही६ नवी.)

सल्ला अनुभवातून आला असेल, पण कारण चुकीचं जोडलंय. ब्रिज फ्रेमवरचा (माहितीच्या पुडक्यावरचा) मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, बघून ती पुढे ढकलतो. आत आयपीव्ही४ आहे की ६, हे त्याला कळायची गरजच नसते.

मग अडतं कुठे? शेजारचं यंत्र शोधायला आयपीव्ही४ ब्रॉडकास्ट (सगळ्यांना संदेश) वापरतं, आयपीव्ही६ मल्टिकास्ट (ठरावीक गटाला संदेश). अनावश्यक मल्टिकास्ट रोखणारी ‘स्नूपिंग’ सोय काही उपकरणांत नको तिथेही हात आखडते. शोधाचे संदेशच पोचत नाहीत आणि आयपीव्ही४ मात्र मजेत चालू! संशय ब्रिजच्या वयावर जाणारच.

तपासणी सोपी आहे. आयपीव्ही६ चालू असलेल्या प्रत्येक जोडणीला ‘एफई८०’ने सुरू होणारा स्थानिक पत्ता आपोआप मिळतो. ब्रिजच्या एका बाजूच्या यंत्रावरून दुसऱ्या बाजूच्या यंत्राच्या या पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर मागणारा चाचणी संदेश पाठवा. सोबत आपल्या यंत्रावरच्या इंटरफेसचं (नेटवर्क जोडणीचं) नाव द्यायला विसरू नका (इथे बरेचजण फसतात). उत्तर आलं तर ब्रिज निर्दोष. नाही आलं तर स्नूपिंग तात्पुरतं बंद करून पुन्हा पिंग करा. तरीही नाही, तर दोन्हीकडचे फायरवॉल बघा.

पिंग चालतंय पण इंटरनेटचा पत्ता मिळत नाही? मग राउटरच्या जाहिराती (पत्ता बनवायला लागणारी माहिती देणारे त्याचे संदेश, थोडक्यात ‘आरए’) पोचतात का ते पाहा. ब्रिज म्हणून वापरलेल्या लिनक्स यंत्रालाच पत्ता मिळत नसेल, तर तिथे आयपीव्ही६ फॉरवर्डिंग (राउटरसारखं इतरांचे संदेश पुढे पाठवणं) चालू आहे का बघा. तसं असेल तर ते यंत्र या जाहिराती मुद्दाम दुर्लक्षित करतं; ‘अ‍ॅक्सेप्ट आरए’ या सेटिंगची किंमत २ ठेवली की स्वीकारतं.