पाठलाग (कोकण किनारपट्टी)

स्त्रीने स्पष्ट नकार देऊनही तिच्या मागे लागणे, पुन्हा पुन्हा संपर्क साधू पाहणे, मोबाइल-इंटरनेटवरून तिच्यावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली तो भारतीय दंड संहितेत (कलम ३५४ ड) आला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू आहे.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या वाड्या विखुरलेल्या आहेत. कॉलेजची मुलगी ठरलेल्या एसटीने येते आणि फाट्यावर उतरून पाणंदीने घर गाठते. ‘वाट बदल, वेळ बदल’ हा शहरातला सल्ला तिच्या कामाचा नाही. दुसरी गाडी नसते, वाटही एकच असते. मागावर असलेल्याला तिचा सगळा दिवस पाठ असतो. घरातले कर्ते पुरुष पुष्कळदा मुंबईला.

प्रत्येक पाठलाग हिंसेपर्यंत जात नाही. सर्वाधिक धोका पूर्वीचा नवरा किंवा प्रियकर यांच्याकडून, आणि तोही संबंध तुटल्यावर. अमेरिकेतल्या दहा शहरांच्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजी-माजी जोडीदाराने मारलेल्या ७६ टक्के स्त्रियांचा आधीच्या वर्षभरात पाठलाग झालेला होता. पूर्वीची मारहाण, गळा दाबणे, जिवाची किंवा आत्महत्येची धमकी, आवारात शिरणे, नासधूस ही लक्षणे गंभीर धरावीत. कोयती कोकणात घरोघरी असते. ती दाखवून धमकावले, तर मात्र ‘रागाच्या भरात केलंन’ म्हणून सोडून देऊ नये.

नेमके तेच होते. प्रकरण गावकीपुढे जाते, मुलगा माफी मागतो, मुलीचे लग्न ठरायचे म्हणून ‘गावात मिटवूया’ असे ठरते. याची किंमत मुलीला मोजावी लागते. पहिला गुन्हा जामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत; दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास अजामीनपात्र, पाच वर्षांपर्यंत. गावकीत मिटलेल्या पहिल्या वेळेची नोंदच नसते, त्यामुळे कितव्यांदाही त्रास दिला तरी कायद्यापुढे तो पहिलाच ठरतो.

नकार एकदाच, स्पष्ट, शक्यतो लेखी द्यावा आणि पुढे उत्तर देऊ नये. मेसेज, कॉलची यादी, तारखा जपाव्यात. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१.