मुले व किशोरांमधील जीवनसत्त्वांची पातळी : आनुवंशिकतेचा प्रभाव

मुलाच्या रक्तात एखादे जीवनसत्त्व किती आढळते हे आहार, ऊन, वय व आजारपण यांच्याबरोबर त्याच्या जनुकांवरही अवलंबून असते. जीवनसत्त्व आतड्यातून शोषले जाते, वाहक प्रथिनाला चिकटून रक्तातून फिरते, पेशीत शिरते, क्रियाशील रूपात बदलते आणि शेवटी मोडून बाहेर टाकले जाते. या प्रत्येक टप्प्यावर कोणते तरी प्रथिन राबत असते आणि त्याची घडण जनुकाने ठरते. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर सगळी मानवजातच एक आनुवंशिक दोष घेऊन जन्मते : ते तयार करणाऱ्या शेवटच्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक माणसात निकामी झालेले असल्यामुळे प्रत्येक मुलाला ते अन्नातूनच मिळवावे लागते.

जनुकांचा प्रभाव दोन प्रकारचा असतो आणि त्यांची गल्लत केल्याने बरेच गैरसमज होतात. पहिला प्रकार म्हणजे लोकसंख्येत सर्रास आढळणारे किरकोळ जनुकीय फरक. ते पातळी थोडी वरखाली करतात, पण एकेकटे क्वचितच आजार घडवतात. दुसरा प्रकार म्हणजे एकाच जनुकातील दुर्मीळ पण गंभीर उत्परिवर्तने. त्यांत जीवनसत्त्व पोटात जाऊनही शरीराच्या उपयोगी पडत नाही. उपचार बदलतात ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात.

ड जीवनसत्त्व

सर्वाधिक अभ्यास याच जीवनसत्त्वाचा झाला आहे. त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलवर सूर्यकिरण पडले की ड जीवनसत्त्व बनते. डीएचसीआर७ या जनुकाचे विकर तोच कच्चा माल कोलेस्टेरॉलकडे वळवते, त्यामुळे ते मंद असले तर ड जीवनसत्त्वासाठी माल जास्त उरतो. यकृतात सीवायपी२आर१ चे विकर त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप करते. रक्तचाचणीत मोजतात ते हेच. मूत्रपिंडात सीवायपी२७बी१ त्याला क्रियाशील करते, तर सीवायपी२४ए१ ते मोडते. रक्तातून ते वाहून नेणारे प्रथिन जीसी जनुक बनवते. या प्रथिनाच्या जीसी२ प्रकारात एकूण पातळी कमी दिसते. मात्र पेशींना उपलब्ध असणारे मुक्त ड जीवनसत्त्व त्या प्रमाणात कमी नसते. म्हणून सीमारेषेवरचा आकडा म्हणजे कमतरताच, असे धरून चालत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांत ड जीवनसत्त्वाच्या पातळीची आनुवंशिकता (लोकांमधील तफावतीत जनुकांचा वाटा) सुमारे २० ते ८० टक्के इतक्या विस्तृत पट्ट्यात आली आहे, आणि ऋतूनुसारही ती बदलते. २०२० मध्ये ४ लाखांहून अधिक प्रौढांच्या जनुकीय विश्लेषणातून १४३ जनुकस्थाने पुढे आली, तरी सर्रास आढळणाऱ्या सर्व फरकांच्या बेरजेने पातळीतील सुमारे १३ टक्केच तफावत उलगडली. ही टक्केवारी लोकसमूहातील तफावतीची आहे. एखाद्या मुलाच्या कमतरतेपैकी १३ टक्के दोष जनुकांचा, असा तिचा अर्थ होत नाही.

मुडदुसासंबंधीच्या (मुलांची हाडे मऊ पडण्याच्या आजारासंबंधीच्या) २०१६ च्या जागतिक शिफारशींनुसार २५-हायड्रॉक्सी ड ची पातळी ५० नॅनोमोल प्रति लिटरच्या (२० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) वर असल्यास पुरेशी, ३० च्या (१२ नॅनोग्रॅम) खाली असल्यास कमतरता. आहारजन्य मुडदुसावर दररोज वर्षाखालील बाळाला २,०००, १ ते १२ वर्षांच्या मुलाला ३,००० ते ६,००० आणि त्यापुढे ६,००० आंतरराष्ट्रीय एकके किमान १२ आठवडे, सोबत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, असा उपचार असतो. एवढे करूनही हाडे सुधारली नाहीत तर आधी औषध खरोखर पोटात गेले का, ते तपासावे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. मात्रा बरोबर असेल तर कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांशी संबंधित विकर), पॅराथायरॉइड संप्रेरक (रक्तातील कॅल्शियम वाढवणारे) आणि दोन्ही ड रूपे मोजतात. २५-हायड्रॉक्सी रूप औषधानेही वाढत नसेल तर सीवायपी२आर१ चा, ते भरपूर असून क्रियाशील रूप कमी असेल तर सीवायपी२७बी१ चा संशय येतो. क्रियाशील रूप खूप वाढलेले आणि डोक्यावर केस नाहीत, असे दिसले तर दोष ग्राहकाचा (पेशीत ड जीवनसत्त्वाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाचा), म्हणजे व्हीडीआर जनुकाचा असतो. फॉस्फेट कमी, पण कॅल्शियम व २५-हायड्रॉक्सी ड ठीक असेल तर प्रश्न मुळात ड जीवनसत्त्वाचा नसून मूत्रपिंडातून वाया जाणाऱ्या फॉस्फेटचा असण्याची शक्यता जास्त. याचे नेहमीचे आनुवंशिक कारण फेक्स जनुकात असते. सीवायपी२७बी१ च्या दोषात साध्या ड च्या मोठ्या मात्रा देत राहण्यापेक्षा कॅल्सिट्रिऑल (क्रियाशील ड) किंवा अल्फाकॅल्सिडॉल (यकृतात क्रियाशील होणारे रूप) देतात व लघवीतील कॅल्शियमवर लक्ष ठेवतात, नाहीतर मूत्रपिंडात कॅल्शियम साचते.

याच्या उलट दोष सीवायपी२४ए१ चा. ड जीवनसत्त्व मोडलेच जात नाही. अशा तान्ह्या बाळाला प्रतिबंधक पुरवणीनेही उलट्या, बद्धकोष्ठ, वजन न वाढणे आणि रक्तात कॅल्शियमचा अतिरेक होऊ शकतो. पॅराथायरॉइड संप्रेरक दबलेले असते. येथे पुरवणी लगेच थांबवावी लागते.

ब-१२ आणि फोलेट

ब-१२ मध्ये आकडा सर्वांत जास्त फसवतो. रक्तातील बहुतांश ब-१२ हॅप्टोकॉरिन या प्रथिनाला बांधलेले असते, पण पेशींना ते पोचवते ट्रान्सकोबालॅमिन. टीसीएन१ जनुकाच्या दोषाने हॅप्टोकॉरिन घटते. अहवालात ब-१२ खाली दिसते, मूल मात्र ठणठणीत. टीसीएन२ च्या दोषात ट्रान्सकोबालॅमिन नसते. अहवाल बहुधा ठीक येतो आणि बाळ पहिल्या काही महिन्यांतच पांडुरोग, जुलाब, वाढ खुंटणे अशा तक्रारींनी गंभीर आजारी पडते. म्हणून संशय असल्यास होमोसिस्टीन व मिथिलमॅलोनिक आम्ल मोजतात; पेशींना ब-१२ मिळाले नाही की ही दोन्ही रक्तात वाढतात. होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून तासाभरात रक्तद्रव वेगळा करावा, नाहीतर तांबड्या पेशींतून ते झिरपते आणि आकडा खोटाच वाढतो. नमुना ब-१२ देण्यापूर्वी घ्यावा, पण अहवालासाठी उपचार अडवू नये.

क्यूबीएन किंवा एएमएन जनुकाच्या दोषात आतड्यात ब-१२ शोषले जात नाही व लघवीत प्रथिनेही जाऊ शकतात. इंजेक्शनाने मूल सुधारते, पण उपचार आयुष्यभर लागतो. आनुवंशिक कारणाचा शोध घेण्याआधी आईचे ब-१२ जरूर मोजावे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची कमतरता अनेकदा आईच्या कमतरतेतून आलेली असते.

एमटीएचएफआर जनुकाच्या ६७७ व्या स्थानातील फरकाचा गाजावाजा त्याच्या वजनापेक्षा फार जास्त आहे. दोन्ही प्रती बदललेल्या व्यक्तीत विकराची क्रिया सुमारे ३० टक्केच उरते हे खरे, पण होमोसिस्टीन वाढते ते प्रामुख्याने फोलेट (ब-९ जीवनसत्त्व) कमी असताना. फोलेट पुरेसे मिळाले की फरक बराचसा झाकला जातो. निरोगी मुलाची ही चाचणी करून उपचारात काही बदलत नाही. याच जनुकाचा दुर्मीळ, तीव्र दोष मात्र वेगळा आजार आहे आणि त्यात मेंदूची हानी होते.

इतर जीवनसत्त्वे

भाज्या-फळांतील बीटा-कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर बीसीओ१ चे विकर करते. ते मंद असलेल्या मुलात कॅरोटीन जास्त साचते. तयार रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) वापरण्यात त्याला अडचण नसते. ताप किंवा संसर्ग असताना रेटिनॉल तात्पुरते घसरते, त्यामुळे तेव्हाच्या आकड्यावरून निदान करू नये. ई जीवनसत्त्वाचे टीटीपीए जनुक बिघडले तर बहुधा ५ ते १५ वर्षे वयात चाल लटपटू लागते व गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते. मोठ्या मात्रेतील ई लवकर सुरू केले तर ऱ्हास थोपवता येतो. हे जीवनसत्त्व मेदाबरोबर फिरते, म्हणून पातळी रक्तातील मेदाच्या प्रमाणात वाचतात.

थायमिन (ब-१) आणि रायबोफ्लेविन (ब-२) यांच्या वाहक प्रथिनांच्या दोषात रक्तातील पातळी साधारण असू शकते, तर बायोटिनिडेजच्या (बायोटिन हे जीवनसत्त्व पुन्हा वापरात आणणाऱ्या विकराच्या) दोषात विकराचीच क्रिया मोजावी लागते. लक्षणे जुळत असतील तर जनुकीय अहवाल येण्याआधीच संबंधित जीवनसत्त्व सुरू करतात. बायोटिन घेणाऱ्या मुलाच्या रक्तात काही यंत्रांवर ड व ब-१२ चे आकडे खोटे जास्त येतात. प्रयोगशाळेला तसे आधी कळवावे.

वयाचा परिणाम

नवजाताची पातळी मुख्यतः आईची पातळी दाखवते, जनुकांचा भाग नंतर उमटतो. किशोरवयात झपाट्याने होणारी वाढ, वजन आणि उन्हात जाण्याच्या सवयी यांमुळे चित्र पुन्हा बदलते. मोठे जनुकीय अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या प्रौढांवर झाले असल्याने त्यांतले जोखीम-गुण (जनुकांवरून काढलेले धोक्याचे गुणांक) इतर वंशांच्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वर आलेल्या एकजनुकीय विकारांपैकी बहुतेक अप्रभावी पद्धतीने उतरतात : आईवडील दोघेही वाहक (जनुकाची एकच प्रत सदोष असलेले, स्वतः निरोगी) असले तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. एका मुलात दोष नक्की झाला की भावंडांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करतात.