शिडाच्या शर्यतीतलं भारताचं एशियाडमधलं एकमेव सोनं आपल्या खाडीच्या तोंडाशी

१९८२ चं एशियाड म्हटलं की दिल्ली आणि अप्पू हत्ती आठवतो. पण शिडाच्या होड्यांना समुद्र लागतो, म्हणून त्या शर्यती मुंबईच्या बंदरात झाल्या. कळव्यापासून ऐरोली, वाशी, बेलापूर करत ठाण्याची खाडी ज्या पाण्याला मिळते, तेच हे पाणी. तिथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ या दोघांच्या होडीत सुवर्णपदक जिंकलं. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत भारताला या खेळात दुसरं सुवर्ण मिळालेलं नाही. नवी मुंबईत वाढलेल्या मलासुद्धा हे फार उशिरा कळलं, याची खंत आहे.

आपली भाषाही इथे थोडा घोटाळा करते. वल्ह्यांची शर्यत आणि शिडाची शर्यत, दोन्हींना वर्तमानपत्रं ‘नौकानयन’च म्हणतात. २०१० आणि २०१८ ची नौकानयनातली सुवर्णपदकं वल्ह्यांची होती.

ऑलिम्पिकमध्ये १८९६ लाच शिडाच्या होड्यांचा खेळ ठरला होता, पण खराब हवामानाने रद्द झाला आणि १९०० मध्ये फ्रान्सला सुरू झाला. एशियाडमध्ये तो १९७० ला बँकॉकपासून आला.

शीड लावलेली होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांत तिरपं जायचं, शीड या बाजूचं त्या बाजूला घ्यायचं, पुन्हा तिरपं. मुंबईत नोव्हेंबरात सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. शर्यत जिंकायची तर ही अदलाबदल आधी ओळखावी लागते. स्पर्धेच्या शिडावर दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे उडाले की शीड बरोबर बसलं, एक जरी लोंबला तर वारा हातचा गेला. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात एका वयस्कर नाखव्याने मला हेच चिंधीवर समजावलं होतं. त्यांच्या तरुणपणी ती डोलकाठीला बांधलेली असायची. आता त्यांची होडी मशीनवर चालते, पण बोलता बोलता हात आपोआप वर, त्या चिंधीच्या जागेकडे गेला.

तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशी सलग तीन ऑलिम्पिक खेळले. होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग या नौदलाच्या जोडीला १९९४-९५ चा खेलरत्न मिळाला. खेळ असा बराच काळ लष्कर-नौदलाच्या हाती राहिला, कारण होड्या आणि धक्के त्यांच्याकडे होते.

अलीकडची काही पदकं मात्र वेगळ्या पाण्यातून आली. हांगझोऊ एशियाडमध्ये आयएलसीए ४ या एकटीने चालवायच्या होडीत ११ शर्यतींनंतर रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासची. शीड धरायला ती समुद्रावर नाही, भोपाळच्या तलावावर शिकली.