नव्याण्णव टक्के अचूक, पण कशात?

‘एआय काही सेकंदांत टीबी ओळखणार, ९९ टक्के अचूक’ अशी बातमी अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत असते. त्यातला एआय बहुधा खरा असतो. गोम असते ती त्या नव्याण्णव टक्क्यांत. कोल्हापूरकरांसाठी हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. फाउंड्रीतली वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होऊ शकतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्या काही कमी नाहीत.

निदानासाठी आता पहिली पसंती सीबीनाट किंवा ट्रूनाट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्यांना असते. पण या चाचण्या मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतात, त्यामुळे औषधं लागू पडताहेत का हे बघायला त्या फारशा कामाच्या नाहीत. तिथे बेडक्याची स्लाइडच लागते.

टीबीच्या जंतूची भिंत मायकोलिक आम्लामुळे मेणचट असते. स्लाइडवर ०.१ टक्का ऑरामाइन हा चमकणारा रंग १५ ते २० मिनिटं ठेवायचा, आच द्यायची गरज नाही. मग ०.५ टक्के ॲसिड-अल्कोहोलने दोन-तीन मिनिटं धुतलं की बाकी सगळ्याचा रंग सुटतो, जंतूचा सुटत नाही. शेवटी ०.५ टक्के पोटॅशियम परमँगनेट, तेही एकच मिनिट. त्याने मागची बाजू काळी पडते, पण जास्त वेळ राहिलं तर जंतूची चमकही जाते. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी प्रकाश टाकला की ऑरामाइन जास्त तरंगलांबीचा हिरवट-पिवळा प्रकाश सोडतं आणि काळोखात बारीक काड्या उजळतात. ‘आमच्या घराण्यातच आहे हे’ म्हणून अंगारा लावत बसणाऱ्यांना एकदा या काड्या दाखवायला हव्यात. काड्या चमकतात म्हणून न चमकणाऱ्या रंगाला लागणाऱ्या १००० ऐवजी ४०० पट वर्धन पुरतं, आणि १०० ऐवजी ४० क्षेत्रं (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहून भागतं.

जंतू साधारण ३ मायक्रोमीटर लांब. रुंदी अर्ध्या मायक्रोमीटरहून कमी, पण विवर्तनामुळे, म्हणजे भिंगातून येताना प्रकाश थोडा पसरतो म्हणून, तो दिसतो अर्ध्या मायक्रोमीटरचाच. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल स्लाइडवरच्या ०.१७ मायक्रोमीटरएवढा धरला, तर एक जंतू म्हणजे १७ बाय ३ पिक्सेल. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे इथल्या एआयला, एवढंच शोधायचं असतं.

ते शोधतं कसं? वर्कशॉपमधला तपासनीस प्रत्येक नगाला गेज लावून बघतो, तसं हे चित्राच्या प्रत्येक जागेवर नऊ आकड्यांचं (३ बाय ३) गेज लावतं. त्याला कर्नल म्हणतात. समजा, कर्नलच्या तिन्ही ओळींत −१, २, −१ हेच आकडे आहेत. खालच्या पिक्सेलच्या उजेडाला, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्याला, वरच्या आकड्याने गुणायचं आणि नऊ गुणाकारांची बेरीज करायची. सगळीकडे १० असा अंधार असेल तर एका ओळीत −१० + २० − १० = ०. दिवा नीट मध्यावर नसल्यामुळे उजेड १०, २०, ३० असा चढत असेल, तरी −१० + ४० − ३० = ०. असमान प्रकाश आपोआप वजा झाला! आता उभी काडी घ्या (सोयीसाठी एकच पिक्सेल रुंद): १०, २००, १०. एका ओळीत ३८०, तीन ओळींत ११४०. बेडक्याच्या चमकणाऱ्या गुठळीच्या मधोमध सगळीकडे २००, तिथे पुन्हा शून्य.

गुठळीच्या कडेवर मात्र हे गेज फसतं. तिथे १०, २००, २०० असं असतं, उत्तर ५७०. धड शून्य नाही, धड काडी नाही. आडवी पडलेली काडी तर त्याला दिसतच नाही, बेरीज शून्य येते. म्हणून आडवी, तिरकी, कड ओळखणारी अशी पुष्कळ गेजं लागतात. त्यांची ऋण उत्तरं शून्य धरून पुढच्या थरात जातात आणि तिथली गेजं ‘काडी आहे, पण शेजारी गुठळीची कड नाही’ असं काहीतरी जोडतात. दर टप्प्याला चित्र निम्मं केल्यामुळे तेच ३ बाय ३ चं गेज दुप्पट परिसर पाहतं. हे आकडे कोणी हाताने भरत नाही. तज्ज्ञाने जंतू रेखलेल्या चित्रांवर उत्तर चुकलं की प्रत्येक आकडा चूक कमी होईल त्या दिशेने किंचित सरकवतात, आणि हे लाखो वेळा. फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ मध्ये बनलेलं यू-नेट हे नेटवर्क असंच आहे: पहिल्या थरात ६४ कर्नल, चार वेळा चित्र लहान, चार वेळा पुन्हा मोठं, आणि लहान करताना हरवलेला बारकावा आडव्या जोडण्यांतून परत. पेशींची चित्रं वेगवेगळ्या तऱ्हेने ताणून-वाकवून ते बनवणाऱ्यांनी अवघ्या ३० चित्रांवरही ते शिकवून दाखवलं.

आता ते नव्याण्णव टक्के. २०४८ बाय २०४८ च्या चित्रात ४१,९४,३०४ पिक्सेल. त्यात पाच जंतू म्हणजे २५५ पिक्सेल, ०.००६ टक्के. ‘इथे काहीच नाही’ एवढंच कायम सांगणारा प्रोग्राम पिक्सेलवारीत ९९.९९ टक्के अचूक ठरतो आणि एकही रुग्ण सापडत नाही. म्हणून शिकवताना जंतूच्या पिक्सेलला जास्त वजन देतात, किंवा रेखलेला आणि सापडलेला भाग एकमेकांवर किती बसतो ते मोजतात.

क्षेत्रवार हिशेबही फसवा. शंभर क्षेत्रांत एकदाच खोटा जंतू दिसतो असं धरू. ऐकायला उत्तम. पण ४० क्षेत्रं निर्दोष जाण्याची शक्यता ०.९९ चा ४० वा घात, म्हणजे ०.६७. निरोगी माणसांच्या तीनपैकी एका स्लाइडवर बोट!

खोटे जंतू येतात कुठून? रंग न गाळल्यास ऑरामाइनचे स्फटिक, स्लाइडवरचे ओरखडे, अन्नाचे तंतू. नळाच्या पाण्याने धुतलं तर पाण्यातले निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियाही (टीबीच्या जंतूचे भाऊबंद). ते तर खरोखरच रंग धरतात, त्यांना नेटवर्क काय करणार? डिस्टिल्ड वॉटर वापरणं हाच उपाय. खरे जंतू सुटतात ते जाड स्मिअरमुळे, म्हणजे स्लाइडवर बेडक्याचा थर जाड पसरल्यामुळे, कारण ४०एक्स भिंगाखाली (डोळ्याजवळच्या १० पट भिंगासह ४०० पट) जेमतेम मायक्रोमीटरभर जाडीच फोकसमध्ये असते. कॅमेऱ्याचं ऑटो-एक्स्पोजर चालू असेल तर रिकामं क्षेत्रही उजळून निघतं आणि आकड्यांना अर्थ राहत नाही. चित्र जेपेगमध्ये दाबून साठवलं की ८ बाय ८ च्या चौकटींच्या कडा उमटतात, आणि तीन पिक्सेल रुंदीच्या काडीला त्या भारी पडतात.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: शिकवायची आणि तपासायची चित्रं रुग्णवार वेगळी केली होती का? एकाच स्लाइडचे तुकडे दोन्हीकडे गेले असतील तर नेटवर्कने जंतू नव्हे, त्या स्लाइडचा रंग पाठ केलेला असतो. दुसऱ्या प्रयोगशाळेतला रंगाचा नवा घाणा आला की ते कोसळतं.

निभावणारी पद्धत साधी आहे. नेटवर्कने संशयित तुकडे कापून, खात्रीच्या उतरत्या क्रमाने तंत्रज्ञाच्या पडद्यावर मांडायचे. स्लाइडवर एक-दोनच सापडले असतील तर तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा पुन्हा पाहायची. तेही लगेच, कारण ऑरामाइन उजेडात फिकं पडतं. स्लाइड अंधाऱ्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत वाचून संपवायची.