इथला पोस्टडॉक: लाइफ सायन्सवाल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी

पीएचडी इथे करायची आणि पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या काही वर्षांच्या संशोधनाला, बाहेर जायचं हा आपल्याकडचा जुना रिवाज, आणि सरकारी योजनाही तो धरूनच आखल्या गेल्या. 1958 ला पूल ऑफिसर या तात्पुरत्या पदाची सोय निघाली ती परदेशातून परतलेल्यांना नोकरी लागेपर्यंत आधार म्हणून. इथेच राहिलेल्याने कुणाच्या तरी प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट (आरए) म्हणून लागायचं, प्रोजेक्ट संपला की दुसरा शोधायचा. ऐंशीच्या दशकात केंद्रात बायोटेकसाठी वेगळा विभाग झाला, 2006 ला पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था सुरू झाली, जागा वाढल्या, पण त्याच सुमारास आलेली री-एंट्री फेलोशिपसुद्धा बाहेरून येणाऱ्यांसाठीच होती.

देशातल्या देशात पोस्टडॉक करणाऱ्यांसाठी 2015-16 च्या आसपास एक मोठी स्कीम आली, नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप. सुरुवातीला महिना 55,000, वर्षाला 2 लाख संशोधन खर्च, मुदत दोन वर्षं, वय 35 च्या आत (महिला आणि राखीव गटांना पाच वर्षं सवलत). आनंद झाला सगळ्यांना, आणि व्हायलाच हवा होता. पण ही दोन वर्षं आणि 35 ची अट कुणाला डोळ्यासमोर ठेवून ठरवली हे मला आजही पटलेलं नाही. थिअरीवाल्याचं दोन वर्षात भागेल एकवेळ. ज्याला नॉकआउट उंदीर (एखादा जीन बंद केलेले) लागतात त्याने काय करायचं? आधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग उंदीर मागवा, क्वारंटाइन, मग ब्रीडिंग, हेटरोझायगस जोडीच्या (दोघांतही त्या जीनची एकच प्रत बंद) पिल्लांत सरासरी चारात एक कामाचं निघतं, प्रत्येकाच्या शेपटीचा तुकडा घेऊन जीनोटायपिंग करायचं, म्हणजे कुणात जीन बंद आहे ते तपासायचं, आणि पुरेसे उंदीर हाताशी येईपर्यंत वर्ष गेलेलं असतं. त्यात प्रथिनं ओळखायला लागणाऱ्या अँटीबॉडीची एक छोटी वायल (कुपी) तीस-चाळीस हजाराला, म्हणजे 2 लाख कुठे जातात कळतही नाही. वयाचंही तेच, एमएस्सीनंतर एक-दोन वर्षं प्रोजेक्टवर, मग सहा वर्षं पीएचडी, मधे लग्न, मूल किंवा आजारपण आलं की 35 जवळच असतात.

बरं, वय न बघता करता येतं हे इथेच दिसलेलं होतं. ब्रिटनमधल्या एका ट्रस्टबरोबर भागीदारीत आपल्याकडे ज्या बायोमेडिकल फेलोशिप देतात त्यात वयाची अट नाही, संशोधनाचा अनुभव बघतात.

पैशाचा गुंता त्याहून वाईट झाला. 55,000 ही एकत्रित रक्कम होती, वर एचआरए (घरभाडे भत्ता) नव्हता. पीएचडीवाल्यांची आणि प्रोजेक्टवरच्यांची फेलोशिप 2014 नंतर चार वर्षं वाढली नव्हती, रिसर्च स्कॉलर रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे जानेवारी 2019 मध्ये वाढ झाली आणि प्रोजेक्टवरच्या पहिल्या पायरीच्या आरएला 47,000 अधिक एचआरए मिळायला लागला. पुण्या-मुंबईत तेव्हा 24 टक्के धरला तर 58,280 होतात. म्हणजे देशभरातून स्पर्धा करून, स्वतःचं प्रपोजल लिहून फेलोशिप मिळवणाऱ्यापेक्षा शेजारच्या बेंचवरचा प्रोजेक्ट आरए जास्त घेऊन जायला लागला. 2023 च्या वाढीत आरएचा नुसता मूळ आकडाच 58,000 झाला.

आता 2025 पासून अमेरिकेत बायोमेडिकल ग्रँट रद्द व्हायला लागल्यावर तिकडचा भरवसा कमी झालाय. बाहेर जायचंच असं ठरवलेली मुलंही आता इथल्या जाहिराती नीट वाचतायत, आणि पहिली नजर जाते ती वयाच्या अटीवर.