रिबच्या दोन कडा: एकीवर पत्रा उरतो, दुसरीवर कमी पडतो

विमानाच्या रिबची (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पत्र्याच्या फासळीची) कड फॉर्म ब्लॉकवर, म्हणजे तिच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ठोकून वळवताना फुगीर बाजू आणि खोलगट बाजू सारखीच वाटते. हातोडा तोच, ब्लॉक तोच. पत्र्याच्या दृष्टीने मात्र ही दोन कामं उलटी आहेत.

फुगीर बाजूला पत्रा उरतो. 300 मिमी त्रिज्येच्या वळणावर 16 मिमी रुंद फ्लँज (वळवायची कड) काटकोनात वळवला, तर त्याची कड 316 मिमी त्रिज्येवरून 300 वर येते. म्हणजे दर 100 मिमीमागे साधारण 5 मिमी पत्रा जास्तीचा. त्याला जागा दिली नाही तर सुरकुत्या पडतात किंवा अख्खी रिब धनुष्यासारखी वाकते. म्हणून ठोकायला वळणाच्या मधोमध सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, आणि रिव्हेटच्या दोन भोकांच्या मध्ये फ्लूटिंग पकडीने (पत्र्याला छोटी पन्हळ पाडणाऱ्या पकडीने) चुणी घालायची. चुणीचा उठाव आतल्या बाजूला हवा, नाहीतर रिबवर बसणारा बाहेरचा पत्रा टेकत नाही. दर दोनतीन चुण्यांनंतर रिब सपाट टेबलावर ठेवून पाहा. चुण्या जास्त झाल्या तर ती उलटी वाकते. मग एखादी चुणी किंचित दाबून सपाट करायची.

खोलगट बाजूला पत्रा कमी पडतो, आणि इथे चुणीचा काही उपयोग नाही. हलकेपणासाठी पाडलेल्या 30 मिमी त्रिज्येच्या भोकाची 10 मिमी कड काटकोनात वळवली, तर ती ढोबळमानाने 33 टक्के ताणली जाते. 2024-टी3 हा विमानात वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण 15 टक्क्यांच्या आसपास तुटतो. हीच कड 45 अंशांवर थांबवली तर ताण 10 टक्क्यांवर येतो. या भोकांच्या कडा तिरप्या ठेवण्यामागे हे एक मोठं कारण आहे. खोलगट कड ठोकताना टोकांपासून मध्याकडे यायचं, म्हणजे बाजूचा पत्रा गरजेच्या जागी सरकतो. एकाच रिबला दोन्ही वळणं असतील तर खोलगट आधी करा.

तडा बहुतेकदा कडेवरच्या ओरखड्यातून सुरू होतो. त्यामुळे वळवण्यापूर्वी कड कानशीने लांबीच्या दिशेने घासून मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. आडवा ओरखडा एकही राहू देऊ नका. खुणा बारीक मार्करने करा, पेन्सिलीने नको: ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. सुरकुती पुन्हा ठोकून बहुधा बसवता येते. तडा गेलेली रिब मात्र टाकून द्या आणि नवी कापा.