अथेन्सची काळी-लाल मृत्पात्रे : भाजणी एक की अनेक?

प्राचीन अथेन्सच्या भांड्यांवरचा चकचकीत काळा थर कोळशाचा किंवा काजळीचा नाही. तो लोहयुक्त मातीचाच लेप आहे. माती पाण्यात कालवायची, जड कण तळाशी बसू द्यायचे, वरचे पाणी काढून पुन्हा निवळायचे आणि शेवटी सायीसारखा उरलेला बारीक भाग अर्धवट सुकलेल्या भांड्यावर लावायचा. भट्टीत जाण्यापूर्वी लेप आणि भांडे यांच्या रंगात फारसा फरक नसे, म्हणजे चित्रकार जवळजवळ अंदाजानेच काम करत होता.

काळ्या आकृत्या कोरून तपशील दाखवण्याची पद्धत कॉरिंथ या दुसऱ्या ग्रीक नगरातून अथेन्सला आली. इ.स.पू. ५३० ते ५२०च्या सुमारास अथेन्समध्येच ती उलटली : पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या लाल रंगात. कोरणीची जागा ब्रशने घेतली.

भट्टीत नेमके काय घडते, याचा उलगडा १९४२मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केला. आधी हवा खेळती ठेवून भाजले की सगळेच लाल होते. मग झरोके बंद करून ओले सरपण घातले, की सुमारे ९०० अंशांवर लाल लोहऑक्साइड काळे पडते आणि बारीक कणांचा लेप वितळल्यागत घट्ट मिटतो. शेवटी पुन्हा हवा सोडली, की सच्छिद्र अंग लाल होते. मिटलेल्या लेपात प्राणवायू शिरत नाही, तो काळाच राहतो. हे सर्व एकाच भाजणीत.

गेल्या दशकातील सूक्ष्मदर्शक तपासण्यांनी याला आव्हान दिले. लाल आकृत्यांच्या काही तुकड्यांत बारीक रेषा आणि पार्श्वभूमी यांच्या लेपांची घडण वेगळी निघाली, म्हणून ते एकाहून अधिक वेळा भाजले असावेत, असा तर्क मांडला गेला. घट्ट बसलेला काळा लेप दुसऱ्या भाजणीतही टिकू शकतो, त्यामुळे हे अशक्य म्हणता येत नाही. पण लेपांतला फरक वेगवेगळ्या मातीमुळे किंवा कमी-जास्त निवळण्यामुळेही पडू शकतो. ग्रीसमधील कारागिरांनी वेगवेगळे लेप एकाच भाजणीत यशस्वी करून दाखवले आहेत आणि माझ्या मते हा पुरावा हलका नाही. दर भाजणीला सरपण लागे, भांडी तडकण्याचा धोका असे. हाताखालच्या एका भट्टीवर इतका ताबा असलेल्या माणसाला दुसरी भाजणी का लागावी, याचे उत्तर त्या तर्काने द्यायला हवे. या ताब्याची खूणही मिळते : अथेन्सच्या बाजारपेठेच्या उत्खननात मधोमध भोक पाडलेले भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. भट्टी पेटलेली असतानाच ते आकड्याने ओढून काढत आणि लेप कुठवर मिटला, ते पाहत.